देठाकडची चकती

"तुमचा दुधी कडू निघाला हं, ललिताताई!" सविता फोनवर हसत हसत म्हणाली, आणि ललितानं उचललेली कोथिंबिरीची जुडी भाजीवालीच्या टोपलीवर तशीच अधांतरी राहिली. सविता सांगतच होती. वरवंडला तिच्या नणंदेकडं ललितानं दिलेल्या बियांचा वेल मांडवावर गेला होता, पहिलंच फळ, केवढं मोठं, ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला होता बघा, आणि काल त्याची भाजी केली. "एक घास घेतला नि नणंदेचा नवरा म्हणतो कसा, आज सगळ्या भांडणांचा हिशेब चुकता केलास होय गं! अख्खी कढई उकिरड्यावर. जीभ घासली तरी कडूपणा जाईना म्हणे." ललितानं विचारलं, "कुणी खाल्ली नाही ना?" "छे हो, कोण खातंय. तुम्ही कशाला घाबरता, मी आपली गंमत सांगितली." भाजीवाली म्हणाली, "मावशी, घ्यायची का ठेवायची? पाणी गळतंय माझ्या मिरच्यांवर." ललितानं जुडी खाली ठेवली. दौंडच्या बाजारात सकाळची गर्दी होती, स्टेशनकडून गाडी आल्याची घोषणा ऐकू येत होती, कुणीतरी तिच्या पाठीला धक्का देऊन पुढं गेलं, आणि तिला एवढंच जाणवत होतं की आपल्या तळव्याला कोथिंबिरीचा वास येतोय आणि त्या वासाची किळस येतेय.

सविताला ठाऊक नव्हतं. ती परसबाग गटात नवीन होती. गच्चीवरच्या कुंड्या, फुलझाडं, एवढाच तिचा नाद. पण ललिता गेली कित्येक वर्षं दर रविवारी नदीकडच्या वस्तीतल्या मोकळ्या जागेवर बायकांना भाजी लावायला शिकवत होती, आणि शिकवताना तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की कारलं कडू असतं ते वेगळं, दुधी कडू लागला तर ते विष समजायचं. देठाकडची एक चकती कापायची, जिभेच्या टोकाला लावायची, कडू लागली तर थुंकायची, चूळ भरायची आणि फळ पुरून टाकायचं. हे सांगताना तिचा आवाज नेहमीप्रमाणे हळू होता, मागच्या बायकांना ऐकू जात नसे, मग सोजरबाई उभी राहून सगळ्यांना मोठ्यानं सांगे. आणि एकदा सोजरबाईच म्हणाली होती, "ताई, आमचा जल्म मातीत गेला, आन् तुमी आमाला माती शिकवताय व्हय?" सगळ्या खो खो हसल्या होत्या. ललिताही हसली होती. पण पुढच्या रविवारी सर्वांच्या आधी येऊन बसली ती सोजरबाईच, आणि तिच्याबरोबर तिचा नवरा म्हाळूआबा, बायकांच्या घोळक्यातला एकटा पुरुष. त्याला कुणी चिडवलं की तो म्हणे, "जल्मभर रुळाखाली खडी कोंबली बाबा. तिथं काय उगवतं का? आता तरी कायतरी उगवू द्या की माज्या हातनं."

म्हाळूआबा. कालच संध्याकाळी त्याचा आवाज फोनवर आला होता. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून तो बोलून पाठवी. 'ताई, जय भीम. वेलाला पयलं फळ आलंय. सकाळी तोडतो. तुमी सांगितल्यापरमानं उपाशीपोटी रस घेतो. बीपीला बरं म्हनला व्हता तुमी.' ललितानं ते सांजवात करता करता ऐकलं होतं आणि उत्तर म्हणून नुसते जोडलेले हात पाठवले होते.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सोजरबाईचा लावला, तो बंदच होता. ती रिक्षात बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की कोथिंबिरीचे पैसे दिले नाहीत, मग लक्षात आलं की कोथिंबीर घेतलीच नाही, आणि या क्षुल्लक गोष्टीनं तिला रडू यायला लागलं. गणपतीचं दर्शन झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा तिचा रोजचा नेम; आज दर्शन झालं होतं पण पाणी प्यायचं राहून गेलं होतं. रिक्षा रेल्वेखालच्या मोरीपाशी येऊन थांबली. मोरीत एक मालट्रक अडकला होता, त्याच्या मागं गाड्यांची रांग, सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. रिक्षावाला म्हणाला, "काकू, आता देवाच्या मर्जीवर." ती उतरली. साडीच्या निऱ्या हातात धरून मोरीतल्या घोटाभर पाण्यातून चालू लागली. डोक्यावरून गाडी जात होती. त्या धडधडीत तिला वाटलं, आपण मोठ्यानं ओरडलो तरी आत्ता कुणाला ऐकू जाणार नाही. ती ओरडली नाही. तिला ओरडता येतच नव्हतं; माहेरी वडील म्हणत, ही पोरगी देवापुढं बोलल्यासारखी सगळ्यांशी बोलते, आणि त्याचं तेव्हा कौतुक होतं.

पाण्यातून चालताना तिला तो वेल दिसत होता, तिच्या स्वतःच्या अंगणातला, गेल्या वर्षीचा. कसा रसरशीत वेल होता! पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी, रात्री फुललेली पांढरी फुलं सकाळी कोमेजायची, आणि फळं बघून जाणाऱ्या-येणाऱ्यानं थांबावं. त्यातलं एकही फळ तिनं चाखलं नव्हतं. चातुर्मासात तिला दुधी वर्ज्य होता. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सासूबाई म्हणाल्या होत्या, जे नावडतं ते सोडून देवाला काय मिळणार, आवडतं ते सोड. आणि तिला दुधी आवडायचा. दुधीची खीर, दुधीची चण्याची डाळ घालून केलेली भाजी, नुसत्या कोवळ्या दुधीचा तो पाणीदार वास. तो सोडला. दर वर्षी सोडला. सासूबाई गेल्या, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी शिरूरला राहायला गेला आणि सुट्टीच्या दिवशी तेवढा यायला लागला, पण आषाढी ते कार्तिकी दुधी तिच्या ताटात आला नाही. घरात खाणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तिनं सगळा वेल बियाण्यालाच राखला. फळं वेलावरच वाळू दिली, वाजवून बघितली, फोडली, बी राखेत घोळवून ठेवलं, आणि ज्येष्ठात कागदाच्या पुड्या करून वाटलं. पुडी देताना ती प्रत्येकीला म्हणाली होती, घरचं बी आहे, निर्धास्त लावा.

आणि त्याच्या आदल्या वर्षी मागच्या आळीतल्या सर्जेरावांनी कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल चढवला होता, भजनाच्या एकतारीला भोपळा हवा म्हणून. तिला तेव्हा किती बरं वाटलं होतं! देवाच्या कामाचा भोपळा आपल्या भिंतीला टेकून वाढतोय. रात्रीचे पतंग त्या फुलावरून या फुलावर जातात, कडूचा पराग गोड्या दुधीला लागतो, आणि त्या वर्षीच्या फळात काही कळत नाही, पुढच्या पिढीच्या वेलात कळतं, हेही तीच शिकवत होती. दरवर्षी. तोंडपाठ. चाखल्याशिवाय बी धरू नका. तिच्या स्वतःच्या वेलाची एक चकती, जिभेच्या टोकाला लावून थुंकण्याएवढी, तेवढ्यानं नेम मोडला असता का? तिनं तेव्हा विचारच केला नव्हता. नेम इतका अंगवळणी पडला होता की तिच्या हाताला त्या वेलाशी सुरी नेणं सुचलंच नाही. सगळ्या वस्तीला चाखायला शिकवलं आणि आपण देवाच्या नावानं चाखलं नाही.

मोरीच्या पलीकडं चढ लागला आणि तिथं तिच्या मनात दुसरा एक विचार आला, तो कसा आला हे तिला पुढं कधीच कळलं नाही. बी कुणाचं हे कोण सांगणार? दुधीचं बी सगळं सारखंच दिसतं. बाजारातली पाकिटंही वाटली होती, सविताच्या ओळखीच्या एकानं दिलेली. पाकिटातलं खराब निघालं असेल. असं म्हणता येईल. तो विचार थंड आणि स्वच्छ होता, धुतलेल्या ताटासारखा. ती आणखी भरभर चालू लागली, जणू त्याच्यापासूनच पळत होती, आणि तो बरोबरीनं येत होता.

वस्तीत शिरताना ती जागा आधी लागायची. नगरपालिकेची मोकळी जागा, पूर्वी उकिरडा होता. रंगाचे रिकामे डबे, फुटके माठ, पोत्यांमध्ये लावलेली मेथी, बांबूचे मांडव, आणि मांडवांवर दुधीचे वेल. दुधी लोंबत होते. एरवी ती इथं थांबून पानाच्या मागची बाजू उलटून बघायची. आज तिला त्या फळांकडं बघवेना. जागा तोंडी दिलेली होती, कागद नव्हता. वस्तीतल्या दोघा-तिघा टेम्पोवाल्यांना तिथं गाड्या लावायच्या होत्या. नगरपालिकेचा माणूस मागच्या महिन्यात येऊन बोलला होता की एक तक्रार आली तर बाग काढावी लागेल, बाई, माझा नाइलाज आहे.

म्हाळूआबा घरासमोर बाजेवर कुशीवर पडला होता. सोजरबाई बादली धरून बसली होती. तिनं वर बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला, तशातही केला. "या ताई. च्या ठिवती. न्हाई, तुमचा उपास आसंल." नेहमीचं वाक्य. ललिता आली की इथं तिचा उपास असे. कधी चतुर्थी, कधी एकादशी, कधी नुसतं 'आज काही घेत नाही'. उपासाला चहा चालतो हे सोजरबाईला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे ललिताला ठाऊक होतं, आणि या विषयावर त्या कधी बोलल्या नव्हत्या. आत्ता ते वाक्य ललिताच्या कानशिलावर बसलं, पण थांबायला वेळ नव्हता. ती बाजेपाशी खाली बसली.

"आबा, रस घेतला?"

त्यानं मान हलवली. घेतला.

"कडू नव्हता?"

"व्हता की. लई कडू." त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मग थुंकला का नाहीत? मी सांगितलं होतं ना, चाखायचा, थुंकायचा!"

तो हसल्यासारखा झाला. "दुसऱ्याचा आस्ता तर थुकलो आस्तो. तुमी दिल्यालं बी. म्हणलं, ताईंच्या हातचं हाय. औशिद कडूच आसतंय न्हवं." आणि मग त्याला परत ढवळून आलं. बादलीत जे पडलं त्यात लाल होतं. सोजरबाईनं ते ललिताला दिसू नये म्हणून बादली फिरवली. "पित्त हाय," ती म्हणाली. "जरा पडून ऱ्हायला की बरं वाटंल."

"पित्त नाही हे. उठा. रिक्षा आणा कुणीतरी." ललिता बोलली, पण अंगणात कुणालाच ऐकू गेलं नाही. शेजारची माया दारात उभी होती, तिनं ओठांवरून ओळखलं आणि ती धावली.

दवाखाना खासगी होता, जवळचा म्हणून तिथं नेलं. ओसरीत माणसं दाटीनं बसलेली, एक मूल सारखं रडत होतं. रिक्षा लांबच्या वाटेनं आली होती आणि सगळ्या वाटेत म्हाळूआबाचं डोकं सोजरबाईच्या मांडीवर होतं, आणि त्याचा हात, रुळांवर काम करून करून बोटं वाकडी झालेला तो हात, ललिताच्या गुडघ्याला लागत होता. थंडगार. ती तोंडातल्या तोंडात अथर्वशीर्ष म्हणत होती आणि दर वेळी एकाच ओळीवर अडकत होती. डॉक्टर तरुण होता, डोळे तारवटलेले, बहुधा रात्रभर जागा. त्यानं म्हाळूआबाची नाडी बघितली, पापणी खाली ओढून बघितली, पत्ता विचारला. पत्ता ऐकून म्हणाला, "किती घेतली आजोबा?"

सोजरबाईला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिचा आवाज एकदम चढला. "पंचशील घेतल्यापास्नं थेंबाला शिवल्याला न्हाई त्यो! रोज सकाळी उठून वंदना म्हणतो. विचारा आमच्या वस्तीत कुणालाबी."

"सगळे असंच सांगतात मावशी. बरं, सकाळपासून पोटात काय गेलंय? काय खाल्लं?"

सोजरबाईनं ललिताकडं बघितलं. एकच क्षण. आणि मग डॉक्टरकडं वळून म्हणाली, "काय न्हाई. रातची शिळी भाकर."

ललिताच्या कानात पाणी भरल्यासारखं झालं. शिळी भाकर. किती सोपं होतं. तिनं काही करायचंही नव्हतं, कुणीतरी तिच्यासाठी खोटं बोलून गेलं होतं आणि आता ते खोटं खोलीत जागा करून बसलं होतं. मोरीपलीकडं चढावर जो विचार तिच्या बरोबरीनं चालत होता तो आता आरामात टेकला. बाग वाचेल, तो म्हणाला. टेम्पोवाल्यांना निमित्त मिळणार नाही. एवढ्या बायकांची रोजची भाजी आहे ती. तुझ्या एकटीच्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलणार का? आणि डॉक्टर आहे, तो बघेलच. तिला रोज सकाळी वंदना म्हणणारा म्हाळूआबा दिसला. तिला हे माहीतच नव्हतं. इतक्या रविवारांत त्याच्याही दिवसाला नेम आहे, त्याचंही काही वर्ज्य आहे, तोही ते पाळतो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आणि त्या माणसाला इथं दारुडा म्हणत होते आणि त्याची बायको ते ऐकून घेत होती, ललितासाठी.

"नेहमीची केस," डॉक्टर नर्सला म्हणाला. "उलटीचं इंजेक्शन द्या आणि बाहेर बाकावर बसवा. पुढचा पेशंट घ्या."

"त्यांनी कडू दुधीचा रस घेतलाय," ललिता म्हणाली.

डॉक्टर पुढच्या माणसाशी बोलायला लागला होता. नर्स आबाला धरून उठवत होती. कुणीच वळलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा तो तिचा देवापुढचा आवाज, खोलीभर विरून गेलेला. तेव्हा तिनं टेबलावर हात आपटला. बांगडी फुटली. आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिनं यापूर्वी कधी ऐकला नव्हता. चिरका, बाजारातल्या भांडणातला. "डॉक्टर, त्यांनी दारू नाही घेतली! कडू दुधीचा रस प्यायलेत, पेलाभर, उपाशीपोटी! रक्त पडतंय उलटीतून! बी माझं होतं. मी न चाखता वाटलं. ऐकताय का तुम्ही?"

ओसरीतली माणसं दाराशी आली. डॉक्टर उठला. त्यानं म्हाळूआबाच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला. मग त्याचं बोलणं बदललं. आडवं घ्या. दोन्ही हातांना सलाइन लावा. पुण्याला न्यावं लागेल, गाडी सांगून ठेवा. पडदा ओढला गेला आणि दोघी बाहेर उरल्या.

सोजरबाई भिंतीला टेकून बसली. "कशाला बोललासा?" ती दबल्या आवाजात म्हणाली. "एवढी मान्सं बसलीत. सांजच्याला गावभर हुईल. जागा गेली आता, समजा." ललिता म्हणाली, "सोजरबाई, बोलले नसते तर आबा गेले असते." सोजरबाईनं पडद्याकडं बघितलं. मग तिचा चेहरा आतून कोसळत गेल्यासारखा झाला. "मला काय ठावं इतकं इखारी आसतं! तुमाला झाकाय गेले आन् त्याला बाकावर बशिवला आस्ता त्यांनी. माज्या समोर. म्या." तिनं तोंडात पदर कोंबला. ललिताला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तिनं ठेवला. पाठ ताठ होती, ती ताठच राहिली, पण सोजरबाईनं तो हात झटकला नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टर बाहेर आला. उतरलेला दाब चढतोय, म्हणाला, रक्त थांबलंय, पुण्याला न्यायची गरज पडेलसं वाटत नाही. मग अवघडून सोजरबाईला म्हणाला, "मावशी, मघाशी मी जे बोललो..." सोजरबाई म्हणाली, "त्याला सांगा. शुद्धीवर आला की त्याला सांगा." आणि ललिताकडं न बघता म्हणाली, "तुमी जावा ताई. वस्तीत जावा. सांजच्या भाजीला बाया वेल तोडतील."

ती आली तेव्हा बातमी आधीच पोचली होती. मोकळ्या जागेवर बायका जमल्या होत्या. एक टेम्पोवाला कमरेवर हात ठेवून फाटकाशी उभा होता. "काय बाई, विषाची बाग लावली व्हय आमच्यात?" तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं; ललिता त्याला ओलांडून आत गेली. एका पोरसवदा बाईनं विळा आणून आपल्या मांडवावर उगारलेला होता. "सगळं उपटूनच टाका," कुणी म्हणालं. "न्हाई," दुसरी म्हणाली, "माझा गोड हाय, चार डाव खाल्ला आमी." "मग माझा कशावरनं?" एकदम सगळ्याच बोलायला लागल्या आणि बोलता बोलता थांबून तिच्याकडं बघायला लागल्या. ती काय सांगणार म्हणून. त्यांच्या बघण्यात राग होता, आणि सवयही होती, रविवारची.

"ज्याच्या-त्याच्या वेलाचं एकेक फळ आणा," ललिता म्हणाली. दवाखान्यातला आवाज अजून घशात खरखरत होता, त्यामुळं मागपर्यंत ऐकू गेलं. "पाणी आणा. थुंकायला डबा आणा. मी चाखते. कडू निघेल तो वेल उपटायचा, गोड निघेल तो ठेवायचा."

माया म्हणाली, "ताई, तुमाला चातुर्मासात चालत न्हाई न्हवं दुधी? आमी चाखतो की. जिभंवरच तर ठिवायचाय."

"नाही. मीच."

ती जमिनीवर मांडी घालून बसली. मायानं पहिला दुधी देठाकडून कापला. चकतीवर पाण्याचे बारीक थेंब आले आणि तो वास आला, इतक्या वर्षांच्या श्रावण-भाद्रपदांत तिनं दाराबाहेर ठेवलेला वास. पहिला गोड होता. नुसता पाणीदार, निष्पाप. ती थुंकली, चूळ भरली; तो आणणाऱ्या बाईनं आपला दुधी लेकरासारखा कडेवर घेतला. दुसराही गोड. कुणीतरी हसलं, टेम्पोवाला फाटकाशी चुळबुळला. तिसरा सोजरबाईच्या शेजारच्या मांडवावरचा होता, म्हाळूआबाच्या वेलाच्याच पुडीतला. दिसायला सगळ्यांत देखणा. तिनं चकती जिभेच्या टोकाला लावली.

आधी काहीच नाही. मग जीभ आपोआप मागं सरली, टाळूला चिकटली, कानांच्या मुळापर्यंत काहीतरी आवळत गेलं, डोळ्यांतून पाणी आलं. सगळं अंग नको नको म्हणत होतं. एवढं कडू. हे तोंडात क्षणभर धरवत नाही, आणि त्या माणसानं सकाळी उपाशीपोटी पेलाभर घेतलं, घोट घोट करून, तळापर्यंत. ताईंच्या हातचं हाय म्हणून. ती थुंकली. चूळ भरली, पुन्हा भरली. कडूपणा गेला नाही.

"काय वो ताई?" मायानं विचारलं.

"उपटा," ललिता म्हणाली. वेल मांडवावरून खाली आला, तुटल्या देठांचा आवाज झाला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढं केला. "पुढचा द्या."